घडीचा डिस्प्ले बदलला, तरी त्याच जागी पुन्हा जातो?

"मधल्या घडीवर टच लागत नाही. सहा महिन्यांपूर्वीच डिस्प्ले बदललाय, आता परत तेच." घडीचे, म्हणजे मधोमध मिटणारे, फोन दुरुस्त करणाऱ्याला ही तक्रार नवी नाही. पॅनल बदललं की फोन नव्यासारखा चालतो, मालक निर्धास्त होतो, आणि काही महिन्यांनी तोच फोन तोच आजार घेऊन परत येतो. मग कुणी म्हणतं पॅनल डुप्लिकेट होतं, कुणी म्हणतं वापरणाऱ्याने जोरात मिटला असेल. घडीचे फोन असेच असतात, असं म्हणून हात झटकणारेही भेटतात. मला यातलं एकही उत्तर पटत नाही.

गेल्या वर्षी असाच एक फोन माझ्या टेबलावर आला. दोन पॅनलं आधी बदलून झाली होती, तिसरं जाण्याच्या बेतात होतं. मालकांनी काढलेली दोन्ही पॅनलं पिशवीत जपून ठेवली होती, हे फार बरं झालं. मी ती शेजारी शेजारी ठेवली, टॉर्च अगदी आडवा धरून घडीच्या रेषेवर उजेड टाकला आणि भिंगातून पाहिलं. दोन्हींवर टाचणीच्या टोकाएवढा एकेक उंचवटा होता. कॅलिपर लावून वरच्या कडेपासूनचं अंतर मोजलं. पहिल्यावर ४१ मिलिमीटर, दुसऱ्यावरही ४१. फोनवर बसलेल्या तिसऱ्या पॅनलवर बोटाने तिरकी रेघ ओढली, तर तीही तिथेच तुटली.

तीन पॅनलं एकाच ठिकाणी जातात तेव्हा दोष पॅनलमध्ये नसतो. तिसरं पॅनल उचलल्यावर कारण समोर आलं. बिजागरीच्या पातळ पत्र्यावर जुना काळा डिंक तसाच राहिला होता, बोटाच्या पेराएवढा लांब वरंबा, आणि त्याच्या टोकाशी रुतलेला धातूचा एक कण. पुढच्या वेळी त्याच डिंकावर नवं पॅनल दाबून बसवलं गेलं होतं.

म्हणून माझा पहिला आग्रह: दोष दिसला की आधी त्याची जागा मोजा आणि लिहून ठेवा. वरच्या कडेपासून किती, घडीच्या मध्यरेषेपासून डावीकडे की उजवीकडे किती. दोष दर वेळी त्याच जागी येत असेल तर तो खालच्या सांगाड्यात आहे: बिजागरी, पत्रा, राहिलेला डिंक, अडकलेला कण. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर फोन कसा वापरला जातो आणि वर काय चिकटवलंय ते तपासायचं. घडीच्या अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाशी येत असेल तर कडेला इजा झालेली असते. एवढ्या एका मोजमापाने अर्धा शोध संपतो, आणि तरी ते क्वचितच कुणी करतं.

थर एकमेकांवरून सरकले पाहिजेत

आपण ज्याला डिस्प्ले म्हणतो तो एक पापुद्रा नसतो. सगळ्यात वर झीज सोसणारी प्लॅस्टिकची फिल्म, तिच्याखाली अतिपातळ काच किंवा पारदर्शक पॉलिइमाइड (एक चिवट प्लॅस्टिक), मग टचची जाळी, ओलावा अडवणारं आवरण, उजेड देणारे ओलेडचे थर, त्यांना चालवणारे ट्रान्झिस्टर, त्यांच्याखाली पॉलिइमाइडचा पाया आणि सगळ्यांत खाली आधार देणारा पातळ पत्रा. यातल्या काही थरांच्या मध्ये पारदर्शक मऊ डिंक असतो, ज्याला कामात सगळे ओसीए म्हणतात. माझ्या मते घडीच्या डिस्प्लेचं आयुष्य काचेपेक्षा या डिंकावर जास्त अवलंबून आहे.

का, ते हाताने पाहता येतं. पन्नास-साठ सुटे कागद नीट जुळवून गठ्ठा करा आणि मधोमध इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवा. कागदांच्या कडा तिरप्या पायऱ्यांसारख्या पुढे-मागे होतील, कारण बाहेरच्या कागदाला लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि आतल्याला जवळचा. आता गठ्ठा सरळ करून दोन्ही टोकांना घट्ट क्लिपा लावा आणि पुन्हा वाकवून पाहा. कागद सरकू शकत नाहीत, म्हणून आतले कागद मध्येच उसळतात आणि सुरकुततात. फोनमध्ये त्या सुरकुतीच्या जागी भेग पडते.

याचं गणित सोपं आहे. पूर्ण मिटताना दोन थरांच्या वळशातला फरक त्यांच्यामधल्या अंतराच्या ३.१४ पट असतो. दोन थरांत ०.२ मिलिमीटर अंतर असेल तर फरक सुमारे ०.६३ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एवढं सरकणं कुठेतरी व्हायलाच हवं. ते डिंकात होतं. दुसरा हिशोब ताणाचा: वाकवलेल्या पदार्थाचा पृष्ठभाग किती ताणला जातो ते त्याची निम्मी जाडी भागिले वळणाची त्रिज्या इतकं असतं. अर्धा मिलिमीटर जाड काच दीड मिलिमीटर त्रिज्येत वाकवायला गेलात तर पृष्ठभाग जवळपास १७ टक्के ताणावा लागेल. ती त्याच्या कितीतरी आधी फुटते. तीच काच ३० मायक्रॉनची केली, म्हणजे बारीक केसापेक्षाही पातळ, की ताण १ टक्क्यावर येतो. २०२० साली सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फ्लिपमध्ये अशी काच आली आणि तेव्हापासून तो रस्ता रुळला. या काचेला पोटॅशियमच्या क्षाराच्या गरम बाथमध्ये बुडवून पृष्ठभागावर दाब भरलेला असतो, म्हणून ती १ टक्का ताण पुन्हा पुन्हा सोसते.

पण सगळे थर घट्ट चिकटून एकच जाड पट्टी झाले, समजा ०.४ मिलिमीटरची, तर त्याच त्रिज्येत बाहेरच्या पृष्ठभागावर १३ टक्के ताण येईल. टचसाठी पूर्वापार वापरला जाणारा आयटीओ, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, साधारण १ ते २ टक्क्यांतच तडकतो. म्हणूनच घडीच्या पडद्यात त्याऐवजी धातूची बारीक जाळी वापरतात. तीही १३ टक्क्यांसमोर टिकणार नाही. मऊ डिंकामुळे प्रत्येक थर स्वतंत्रपणे वाकतो, प्रत्येकाच्या पोटात एक तटस्थ रेषा तयार होते जिथे ना ताण असतो ना दाब, आणि नाजूक जाळी व आवरण त्या रेषेजवळ बसवलेलं असतं. हा डिंक काचेपेक्षा साधारण दहा लाख पटींनी मऊ असतो. त्याचं सरकणं जिथे अडतं तिथे पॅनल जातं. थंडी, गार्ड, जुना डिंक, धूळ, वाकडी बिजागरी ही वरवर वेगळी दिसणारी कारणं, पण सगळी शेवटी या सरकण्याच्या आड येतात.

काय बिघडलंय ते आधी ओळखा

चित्र ठीक, फक्त टच जातो, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. इथे बहुतेक जण फोन सपाट उघडून टच तपासतात आणि "चालतोय की" म्हणतात. सपाट पडद्यावर जाळीतली भेग मिटलेली असते. तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, प्रवाह वाहतो. पडदा वाकला की टोकं दूर होतात आणि टच जातो. त्यामुळे तपासणी अर्धवट मिटलेल्या अवस्थेत करायची.

चित्र काढायचं कुठलंही अॅप उघडा. फोन चार्जरवरून काढलेला हवा, कारण खराब चार्जरच्या विजेच्या गोंगाटानेही टच भरकटतो आणि उगाच पॅनलवर संशय जातो. घडीला छेदून जाणाऱ्या तिरक्या रेघा हळूहळू ओढा, दोन रेघांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचं अंतर ठेवा. रेघा तिरक्याच हव्यात. आडवी किंवा उभी रेघ जाळीच्या एकाच ओळीवरून गेली तर शेजारच्या ओळी तुटलेला भाग झाकून टाकतात. हे आधी पूर्ण उघडून करा, मग साधारण १२० अंशांवर, मग काटकोनात. शेवटी फोन अर्धा तास मिटून ठेवा, उघडा आणि पुन्हा करा. रेघ फक्त घडीच्या अरुंद पट्ट्यात तुटत असेल तर जाळी गेली. अख्खा एक भाग मरत असेल किंवा कोन बदलला की ये-जा करत असेल तर बिजागरीतून जाणारी पातळ, वाकणारी फ्लेक्स केबल किंवा तिचा कनेक्टर पाहा. त्यासाठी पॅनल बदलण्याचं कारण नाही. तक्रार गार्ड काढल्यावर नाहीशी झाली, तर पॅनल आणि केबल दोन्ही निर्दोष. मात्र इथे गार्ड म्हणजे तुम्ही वरून लावलेला. कारखान्यातून आलेली फिल्म वेगळी, तिच्याकडे येतोच.

घडीवर बुडबुडा दिसतो, मधोमध पांढरट पट्टा उठतो. हे पॅनल जाणं नव्हे. वरची फिल्म रोज वाकून सुटायला लागलेली असते. नखाने दाबून हवा बाहेर काढायचा मोह आवरा आणि स्वतः सोलूही नका. २०१९ मध्ये पहिल्या गॅलेक्सी फोल्डच्या वेळी नेमकं हेच झालं. परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांवरची फिल्म लोकांनी साधा स्क्रीन गार्ड समजून सोलली आणि पडदे गेले. एप्रिलमध्ये ठरलेली विक्री पुढे ढकलून सप्टेंबरवर गेली. मधल्या काळात कंपनीने फिल्मची कड चौकटीखाली सरकवली, बिजागरीच्या दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या आणि पडद्याखाली धातूचा जादा आधार दिला. आज काचेच्या पडद्यावरची फिल्म योग्य अवजारं असलेल्या ठिकाणी बदलून मिळते. बुडबुडा दिसल्यावर ती लवकर बदलून घ्यावी, कारण सुटलेल्या फिल्मखाली धूळ शिरते आणि प्रत्येक मिटण्याबरोबर काचेवर दाबली जाते.

काळा डाग रोज थोडा वाढतो, तेव्हा मात्र वेळ कमी आहे. ओलेडच्या थरांना ओलावा आणि ऑक्सिजन अजिबात चालत नाही. त्यांच्यावरच्या आवरणातून दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण एक ग्रॅमचा दहा लाखावा भाग एवढीच वाफ आत जावी, इतकी कडक अट असते. आवरणाला भेग पडली की तिथून आत गेलेला ओलावा पसरत राहतो आणि उजेड देणारा थर विझत जातो. याला बाहेरून उपाय नाही. त्याच दिवशी डेटाचा बॅकअप घ्या, डागाचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी त्याच अंतरावरून पुन्हा काढा. डाग वाढत नसेल तर तो टोकदार दाबाचा असू शकतो, वाढत असेल तर आवरण फुटलंय.

पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली एकसलग हिरवी किंवा गुलाबी रेघ म्हणजे चित्र चालवणारी एखादी तार तुटली. ही जोडणी पॅनलच्या कडेशी असते, त्यामुळे फोन पडला होता का ते विचारा. यावर यापलीकडे बोलण्यासारखं नाही.

घडीजवळ केसासारखी चीर दिसते पण चित्र आणि टच दोन्ही शाबूत, असंही होतं. ही वरची पातळ काच तडकलेली असते. चीर नेमकी मध्यरेषेवर आहे की किंचित बाजूला, ते पाहा. आतल्या बाजूला मिटणाऱ्या फोनात घडीच्या मधोमध काचेचा वरचा पृष्ठभाग दाबाखाली असतो, ताण खालच्या पृष्ठभागावर येतो. नव्या बिजागऱ्यांत पडदा मिटताना थेंबाच्या आकारात आत वळतो. त्याने घडीची त्रिज्या वाढते आणि सुरकुती कमी दिसते, पण थेंबाच्या दोन्ही खांद्यांवर पडदा उलटा वाकतो आणि तिथे वरचा पृष्ठभाग ताणाखाली येतो. म्हणून ओरखड्यातून निघालेली चीर कित्येकदा मध्यरेषेऐवजी शेजारी दिसते. बाहेरच्या बाजूला मिटणाऱ्या फोनात, हुआवेच्या २०१९ च्या पहिल्या मेट एक्ससारख्या, वरचा पृष्ठभाग घडीभर ताणाखालीच असतो. तिथे साधा ओरखडाही हलक्यात घेऊ नये.

"मी तर फक्त उघडला, आणि फुटला"

हे सांगणाऱ्याला कुणी खरं मानत नाही. मी मानतो. ताणाखाली असलेल्या काचेत सूक्ष्म चीर असेल तर हवेतली वाफ त्या चिरेच्या टोकाशी जाऊन सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध एकेक करून तोडते. चीर तासाभरात, रात्रभरात कणाकणाने पुढे सरकते. काचेचा हा गुण फोनांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. रात्री मिटून ठेवलेला फोन सकाळी उघडताना तडकतो तेव्हा दोष त्या उघडण्याचा नसतो. चीर आठवडाभरापूर्वी कडेला लागलेल्या एखाद्या टोल्याने किंवा आत अडकलेल्या कणाने सुरू झालेली असते. म्हणून दुरुस्तीवाल्यांनो, "पडला होता का?" एवढंच विचारून थांबू नका. गेल्या महिन्याभरात काय काय झालं ते विचारा.

थंडीचं प्रकरण याच्याही वरचं आहे. खोलीच्या तापमानाला जेलीसारखा असलेला ओसीए शून्याखाली कित्येक पटींनी कडक होतो. गठ्ठ्याला क्लिपा लावल्या तेव्हा जे झालं तेच इथे होतं: थर सरकत नाहीत आणि सगळा ताण जाळीवर, आवरणावर आणि काचेवर येतो. गोठवणाऱ्या थंडीतून आल्यावर फोन मिटलेला असेल तर मिटलेलाच, उघडा असेल तर उघडाच, दहा-पंधरा मिनिटं आतल्या खिशात ठेवा. अंगाच्या उबेने तो हळूहळू मऊ होईल. ड्रायरने गरम करू नका. एका बाजूने तापलेला डिंक दुसऱ्या बाजूच्या कडक डिंकाशी भांडतो, शिवाय थंड काचेवर दव जमतं.

रात्रभर मिटून ठेवल्याने फोन खराब होतो का, हे बरेच जण विचारतात. घडीची सुरकुती खोल दिसू लागते हे खरं, कारण प्लॅस्टिक आणि डिंक दोन्ही एका आकारात फार वेळ ठेवले की त्या आकाराला सरावतात. उघडल्यावर त्यातली बरीचशी काही मिनिटांत-तासांत परत येते. उष्णतेत मिटून ठेवलेला फोन मात्र वाईट सवय लावून घेतो. उन्हात तापलेल्या गाडीत फोन मिटून ठेवू नका, एवढं पाळलं तर बाकी चिंता करायचं कारण नाही.

धूळ आणि गार्ड

धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा म्हणून आयपीएक्स८ लिहिलेलं पाहून लोक धुळीबाबत निश्चिंत होतात. त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणीच नाही. सॅमसंगच्या २०२१ च्या फोल्ड ३ आणि फ्लिप ३ ला हा दर्जा मिळाला, तो पाण्यासाठी होता. २०२४ च्या फोल्ड ६ ला आयपी४८ मिळाला. त्यातल्या ४ चा अर्थ एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठे कण अडतात, बारीक वाळू अडत नाही. धूळ पूर्ण अडवणारा आयपी६८ घडीच्या फोनात २०२५ ला पिक्सेल १० प्रो फोल्डबरोबर आला. म्हणजे आज लोकांच्या हातात असलेल्या घडीच्या बहुतेक फोनांत कण शिरू शकतो, हे धरूनच चाला.

बिजागरी कानाशी धरून हळू उघडा. करकर ऐकू आली तर मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा. हवेचा जोरदार फवारा मारू नका, तो कण पडद्याखाली ढकलतो. तेल तर अजिबात सोडू नका. ते धुळीला धरून ठेवतं आणि डिंकाच्या कडा सोडवतं. करकर जात नसेल, किंवा फोन पूर्ण सपाट उघडत नसेल, तर जोर लावून सपाट करू नका. तो अडला आहे याचा अर्थ काहीतरी मध्ये आहे.

गार्डबद्दल माझं मत ठाम आहे: घडीच्या पडद्यावर कंपनीच्या फिल्मशिवाय दुसरं काही चिकटवू नका. वर जाड थर चिकटला की सगळ्या थरांची तटस्थ रेषा वर सरकते आणि नाजूक जाळी तिच्यापासून दूर जाते. शिवाय मिटल्यावर दोन भागांमध्ये राहणारी फट आधीच केसाएवढी, ०.२ मिलिमीटरच्या गार्डने दोन्ही बाजू मिळून ०.४ मिलिमीटर भरले की बिजागरीला तेवढं ताणून धरावं लागतं. संरक्षणासाठी लावलेला गार्डच पॅनल घालवतो, आणि मालकाला वाटतं की गार्ड नसता तर आणखी आधी गेलं असतं. ज्या पेनाचं टोक दाबल्यावर आत जातं आणि जे त्या फोनसाठीच बनवलंय, तेवढंच वापरा. पुसायला किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरतं. सॅनिटायझर फिल्मच्या कडेचा डिंक सोडवतो.

पॅनल बदलणाऱ्यांसाठी

शक्य असेल तर नुसतं पॅनल घेऊ नका, बिजागरी आणि चौकटीसकट आलेला संच घ्या. वर सांगितलेल्या फोनसारखे अनुभव आल्यावर मी नुसतं पॅनल बसवणं जवळजवळ सोडून दिलंय. संच मिळतच नसेल, तर जुना डिंक शेवटच्या कणापर्यंत काढा. कापसाच्या काडीवर अगदी थोडा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), धातूच्या पत्र्यापुरताच, बिजागरीत ओघळू न देता, आणि प्लॅस्टिकची पातळ पट्टी. मग पत्र्यावर स्टीलची फूटपट्टी उभी धरून मागून उजेड टाका. पट्टीखालून उजेड कुठे फाकतो आणि कुठे बुजतो ते पाहा. डोळ्याला सपाट दिसणारा पत्रा या उजेडात खरं सांगतो.

पॅनलच्या पाठीवरच्या पत्र्याला घडीच्या भागात जाळीसारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात. पत्र्याला तिथे वाकता यावं म्हणून त्या असतात. तिथे डिंक गेला की चिरा भरतात आणि पत्रा ताठ होतो. मूळ जोडणीत पॅनल दोन्ही पंखांना, म्हणजे बिजागरीच्या दोन बाजूंच्या भागांना, चिकटवलेलं असतं, घडीचा मधला भाग मोकळा सोडलेला असतो. घाईत बसवताना "सुटू नये म्हणून" मध्येही डिंक लावला जातो, आणि तिथेच पुढच्या बिघाडाची तारीख ठरते. कडक होणारा कुठलाही डिंक या भागाच्या आसपास नको. बसवण्याआधी रिकामी बिजागरी दहा-वीस वेळा हळू उघडमीट करा आणि दोन्ही पंख सारख्याच कोनात हलतात का ते समोरून पाहा. एक पंख मागे राहत असेल तर नवं पॅनल दर उघडण्याला ओढलं जाणार.

जे स्वतः लवचीक टच पॅनल वापरून काही बनवताहेत, त्यांनाही दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. वाकण्याच्या भागात तारा सरळ न नेता नागमोडी न्या, आणि थर बदलणारी भोकं तिथे घेऊ नका. दुसरी जास्त महत्त्वाची: चाचणीत तारांचा विद्युत रोध वाकवलेल्या अवस्थेत मोजा, सपाट करून नव्हे. सपाट केल्यावर भेग मिटते आणि हजारो घड्यांनंतरही आकडा निरागस दिसतो. कंपन्यांचे २ लाख घड्यांचे, अलीकडे ५ लाखांचे आकडे खोटे नाहीत. दिवसाला १०० वेळा उघडमीट धरली तर २ लाख म्हणजे साधारण साडेपाच वर्षं. पण यंत्रात ना वाळू असते, ना खिशातला दाब. तुमच्या नमुन्याची चाचणी थंडीत करा, आणि एक नमुना ६० अंश व ९० टक्के आर्द्रतेत मिटलेलाच ठेवून पाहा. घड्या मोजणाऱ्या यंत्राला न दिसलेले दोष तिथे दिसतात.

त्या तीन पॅनलवाल्या फोनचं काम करताना पत्रा साफ करायला नवं पॅनल बसवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी बिजागरीही बदलली, कारण कणाने तिच्या पात्यावर खळगा पाडला होता. मालकांना घडीच्या कडेवर ४१ मिलिमीटरला पेन्सिलीने बारीक खूण करून दिली. ते महिन्यातून एकदा फोन काटकोनात मिटून त्या खुणेवरून तिरक्या रेघा ओढतात आणि मला फोटो पाठवतात. नऊ फोटो आले आहेत, आणि नऊही फोटोंत रेघा घडीवरून सलग गेल्या आहेत.